इंजिनाची ओढ

शहाळ्यात नळी घालून आपण पाणी पितो, तेव्हा ते पाणी आपणच वर ओढतो असे लहानपणापासून सर्वांना वाटत असते. खरे तर आपण पाणी ओढतच नाही. आपण फक्त नळीतली हवा काढून घेतो. मग बाहेरची हवा शहाळ्यातल्या पाण्यावर दाब देते आणि पाणी बिचारे रिकाम्या जागेत चढते. काम हवेचे, नाव मात्र आपल्या ओठांचे!

आपल्या डोक्यावर कित्येक मैल उंचीचा हवेचा थर आहे. समुद्रसपाटीला त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. म्हणजे उघड्या तळहातावर शंभरेक किलोचा भार सतत असतो. तो जाणवत नाही, कारण तळहाताच्या खालूनही हवा तेवढ्याच जोराने वर रेटत असते. एका बाजूची हवा काढून घेतली की मग मात्र दुसऱ्या बाजूचे बळ दिसते. जर्मनीतील माग्देबुर्ग गावाचे नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके यांनी १६५०च्या दशकात तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडले आणि आतली हवा पंपाने काढून घेतली. मग दोन्ही बाजूंना घोडे जुंपले, पण ते अर्धगोल सुटता सुटेनात. आत हवा सोडल्यावर ते आपोआप अलग झाले. ना खिळा, ना साखळी. सगळी करामत बाहेरच्या हवेची.

पेट्रोलच्या मोटारीत ही करामत रोज चालू असते. पिस्टन खाली जातो तेव्हा तो सिलिंडरमध्ये हवा घेतो. मिनिटाला आठशे फेरे घेत नुसते धुगधुगणारे आठ सिलिंडरचे इंजिन एका मिनिटात ३,२०० वेळा असा श्वास घेते. पण ॲक्सिलरेटरवर पाय नसला, तर कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची पाती जवळजवळ मिटलेली असते. श्वास तर घ्यायचा आहे, पण नाक दाबलेले! त्यामुळे कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळकांड्यात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. यालाच मेकॅनिक मंडळी इंजिनाचा व्हॅक्युम म्हणतात. तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. धडधाकट इंजिन उभ्या गाडीत चालू असताना १७ ते २१ इंच व्हॅक्युम दाखवते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पाती सताड उघडते, हवा धो धो आत येते आणि काटा शून्याजवळ येतो. उतारावर पाय काढून घेतला की तोच काटा वीस इंचांच्या वर चढतो.

थोडक्यात, इंजिनाकडून जेवढी जास्त ताकद मागावी, तेवढी ही ओढ कमी होते. आणि ते निवांत असले की ती वाढते. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

ही ओढ फुकट मिळते हे अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना लवकरच उमगले. विजेची छोटी मोटर महाग, तिला तारा हव्यात, स्विच हवे. त्यापेक्षा मॅनिफोल्डला एक रबरी नळी जोडावी, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या डबीत रबराचा पडदा बसवावा. व्हॅक्युम सोडला की पडदा ओढला जातो आणि त्याला जोडलेली कांडी हलते. या कांडीने मग काय काय केले! वायपर फिरवले. हीटरची हवा पायाकडे सोडायची की काचेकडे, ते ठरवणारी झाकणे उघडली. डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीची वेळ पुढेमागे केली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेकला जोर दिला. १९२०च्या दशकात बेल्जियमचे इंजिनिअर आल्बेर दवांद्र यांनी असा ब्रेक तयार केला, आणि १९२८ साली अमेरिकेच्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या आलिशान गाड्यांत व्हॅक्युमचा बूस्टर आला.

व्हॅक्युमचे वायपर आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिले आहेत. १९४९ सालापासून महिंद्र कंपनी मुंबईत विलिज जीप जोडू लागली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपचा ड्रायव्हरसमोरचा वायपर इंजिनाच्या ओढीवर फिरायचा. सपाटीवर तो बरा चाले. चढाला लागून ॲक्सिलरेटर दाबला की तो हळू होई आणि ऐन धो धो पावसात काचेच्या मध्यावर थांबून राही. त्या काळच्या ड्रायव्हर लोकांनी त्यावर उपाय शोधला होता. क्षणभर पाय उचलायचा, वायपरला दोन फेरे मारू द्यायचे, पुढचा रस्ता पाहून घ्यायचा आणि पुन्हा पाय द्यायचा.

१९६०च्या दशकात डेट्रॉइटला मोठ्या इंजिनांच्या, तरुणांना वेड लावणाऱ्या गाड्यांचा काळ आला. पाँटिॲक कंपनीने १९६४ साली मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली आणि मग प्रत्येक कंपनी त्याच वाटेने निघाली. या गाड्यांत व्हॅक्युमने नुसती चैन केली. १९६७च्या मर्क्युरी कूगरचे दिवे जाळीच्या झाकणांमागे लपलेले असत. बटण ओढले की व्हॅक्युम त्या पापण्या उघडी. १९६८च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये तर दिव्यांबरोबर वायपरसुद्धा एका झाकणाखाली दडवले होते. पाऊस आला की आधी व्हॅक्युमने ते झाकण वर उचलायचे, मग वायपर हलायचे. १९६७च्या कॉर्व्हेटमध्ये ४३५ अश्वशक्तीच्या इंजिनावर तीन कार्ब्युरेटर होते. एरवी मधला एकटा काम करी, आणि हवेचा ओघ वाढला की व्हॅक्युमचे पडदे बाजूचे दोघे उघडत. १९७०च्या जीटीओला तर डॅशबोर्डाखाली एक मूठ दिली होती. ती ओढली की व्हॅक्युमने सायलेन्सरमधली झडप उघडे आणि गाडी गुरगुरू लागे. तिची जाहिरात त्या वर्षी जानेवारीत टीव्हीवर झळकली, आणि कंपनीच्या वरिष्ठांनी ती मूठ लगेच बंद करायला लावली. जेमतेम दोन-अडीचशे गाड्यांना ती मिळाली.

अशाच एका गाडीने एका मराठी कुटुंबात काही महिने मोठा अबोल पेच निर्माण केला होता.

१९६५ साली अमेरिकेने बाहेरच्या लोकांना देशात घेण्याचा कायदा बदलला आणि भारतातून इंजिनिअर मंडळी तिकडे जाऊ लागली. त्यांतले बरेचजण मोटारींच्या ओढीने मिशिगन राज्यात स्थिरावले. सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ सांगलीला इंजिनिअरिंग करून १९७१ साली तिथे शिकायला पोहोचले. डेट्रॉइटपासून पाँटिॲक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा लांबरुंद रस्ता आहे. शनिवारी रात्री तिथे मुले आपापल्या गाड्या मिरवायला येत. हे गृहस्थ बसच्या थांब्यावर उभे राहून त्या पाहत. दिव्यांवर झाकणे असलेली हिरवी जीटीओ त्यांच्या मनात भरली. खिशात बसच्या भाड्यापुरते पैसे असलेल्या मुलाने मनात भरवून घेण्यापलीकडे काय करायचे?

पुढे नोकरी झाली, लग्न झाले, घराचे हप्ते आणि मुलांची कॉलेजे झाली. २०१० साली पाँटिॲक हे नावच कायमचे बंद झाले. त्या वर्षी त्यांनी १९६८ सालची, ४०० घन इंचांच्या इंजिनाची एक जीटीओ विकत घेतली. रंग हिरवाच. पत्नीने विचारले, "अहो, कंपनी बंद पडल्यावर गाडी घ्यायची म्हणजे काय ते?" त्यावर ते नुसते हसले.

या गाडीसाठी त्यांनी एक वही घातली. घातलेले तेल, बदललेले पट्टे, झालेला खर्च, सारे तारखेनिशी. त्यातच पहिल्या पानावर एक ओळ होती: "व्हॅक्युम १८ इंच. काटा स्थिर." जुन्या इंजिनाची प्रकृती बघायची तर हा साधा मापक फार उपयोगी. वैद्याने नाडी पाहावी तसा प्रकार. काटा स्थिर असला तर सर्व ठीक. ठरावीक लयीत खाली झटके देऊ लागला तर एखादी झडप जळलेली. स्थिर पण फार खाली असला तर कुठेतरी हवा शिरते आहे, नाहीतर ठिणगी उशिरा पडते आहे. मात्र गाव किती उंचावर आहे हेही बघावे लागते. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. मुंबईत १८ इंच दाखवणारी गाडी महाबळेश्वरला चौदाच्या आसपास दाखवील, आणि त्यात तिचा काहीच दोष नसेल.

२०१३ साली गृहस्थ निवृत्त झाले. मुलाने बापाला भेट द्यायचे ठरवले आणि स्वतःच्या पैशाने इंजिनात नवा कॅमशाफ्ट बसवून घेतला. शर्यतीच्या जातीचा.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे ते उंचवटे ठरवतात. इंजिन जोरात फिरते तेव्हा सिलिंडर भरायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून शर्यतीचा कॅम झडपा जास्त वेळ उघड्या ठेवतो. त्यामुळे हवा घेणारी आणि धूर सोडणारी अशा दोन्ही झडपा काही काळ एकदमच उघड्या राहतात. इंजिन सुसाट असताना याचा फायदा होतो, ताकद वाढते. पण सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत, मंद गतीवर, बाहेर जाणारा धूर उघड्या दारातून मागे मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि ओढ मोडते. भोक पडलेल्या नळीने शहाळे प्यायला बसावे तसे. इंजिन मग एका लयीत न चालता धडक-धडक, थांबून, पुन्हा धडक असे अडखळत चालते. गंमत अशी की हौशी लोकांना नेमका हाच आवाज हवा असतो. त्यासाठी ते पदरचे पैसे मोजतात.

त्या आवाजाने गृहस्थ हरखून गेले. १९७१ साली बसथांब्यावर ऐकलेला तो आवाज आता स्वतःच्या दारात घुमत होता, आणि तो मुलाने दिला होता. पहिल्या फेरीतच त्यांना आणखी एक गोष्ट कळली. ब्रेकचा पायटा कडक झाला होता. रात्री दिवे लावताना एका बाजूचे झाकण अर्धेच उघडले आणि गाडीने डोळा मिचकावल्यासारखे दिसले. हीटरची हवा पायांऐवजी भलतीकडेच जाऊ लागली. त्यांनी वहीत काहीच लिहिले नाही.

का लिहिले नाही, हे कोणत्याही बापाला विचारावे. मुलगा तिकडेच जन्मलेला. मराठी समजे, पण बोलताना अडखळे. बापलेकांत बोलण्यासारखे विषय तसे कमीच होते आणि गाडी हा त्यांना सापडलेला पहिला धडधाकट विषय होता. दर रविवारी त्याचा फोन येई, "बाबा, आवाज कसा आहे?" बाबा म्हणत, "फर्स्ट क्लास!" आणि खोटे काहीच नव्हते, आवाज फर्स्ट क्लासच होता.

ब्रेकचे असे का झाले, तेही पाहू. बूस्टर हा पत्र्याचा गोल डबा असतो, मध्ये रबरी पडदा. पाय उचललेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्युम असतो. ब्रेक दाबला की एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते, आणि ती पडद्याला पुढे रेटते. समजा पडदा २५ सेंटिमीटर व्यासाचा आहे. इंजिन २० इंच व्हॅक्युम देत असेल, तर हवेचा हा रेटा जवळजवळ ३४० किलोपर्यंत जाऊ शकतो. व्हॅक्युम १० इंचांवर आला की रेटाही निम्मा, १७० किलो. उरलेले काम पायाने करायचे. बूस्टरच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते, त्यामुळे इंजिन बंद पडले तरी आतल्या साठ्यावर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो. त्यानंतरही ब्रेक जात नाही, हे लक्षात ठेवावे. तो लागतो, पण सारी ताकद माणसाला लावावी लागते.

भर वेगात जाणाऱ्या गाडीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण पाय उचलताच फिरत्या इंजिनाची ओढ वाढते आणि बूस्टर भरतो. खरी परीक्षा होते ती मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गर्दीत. इंजिन मंद, ओढ आधीच थोडी, त्यात गाडी ऑटोमॅटिक असली तर गिअरमध्ये टाकल्यावर फेरे आणखी कमी. आणि दर दहा पावलांवर ब्रेक. साठा भरायच्या आत संपतो.

आणि अशी गर्दी वुडवर्डवर दरवर्षी ठरलेली. १९९५ सालापासून ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. २०१४च्या मेळ्यात गृहस्थ हिरवी जीटीओ घेऊन निघाले. शेजारी मुलगा, मागे पत्नी आणि सहा वर्षांची नात. दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसलेले, हात हलवणारे. तासभर सगळे छान चालले. मग पुढची उघड्या टपाची गाडी अचानक थांबली. गृहस्थांनी ब्रेक दाबला. पाय दगडावर पडावा तसा पायट्यावर पडला आणि दीड हजार किलोहून जड गाडी आपली सरकतच राहिली. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरून, पाठ सीटला टेकवून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढच्या बंपरपासून चार बोटांवर. लोकांच्या लक्षातही आले नाही. एकाने तर इंजिनाचा आवाज ऐकून टाळ्या वाजवल्या.

मागच्या सीटवरून बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक दाबत नव्हता. ब्रेकवर उभे राहिला होता."

गृहस्थ काही बोलले नाहीत. मग त्या मुलाला म्हणाल्या, "आमच्या आबांची जीप होती. पसरणीच्या घाटात चढाला लागली की वायपर थांबायचा. आबा म्हणायचे, तिला एका वेळी एकच काम सांगावं. चढ म्हणा नाहीतर पुसून घे म्हणा. या गाडीचं तसंच काहीतरी झालंय. ती नुसती गुरगुरतेय, थांबत नाही. अरे, तुझी पोर आहे मागे."

बाईंनी इंजिनिअरिंगचे पुस्तक कधी उघडले नव्हते, पण निदान अचूक होते. दुसऱ्या दिवशी मुलगा व्हॅक्युमचा मापक घेऊन आला. त्याने नळी जोडली. काटा थरथरत ९ इंचांवर थांबला. गिअरमध्ये टाकल्यावर ७. त्याने वही मागितली आणि पहिल्या पानावरची ओळ वाचली.

"बाबा, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"आवाज छान होता रे."

मुलगा बराच वेळ त्या थरथरणाऱ्या काट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला आवाज द्यायचा नव्हता. तुम्हाला गाडी द्यायची होती."

त्यानंतर दोघे कामाला लागले. आधी ठिणगीची वेळ थोडी अलीकडे आणली. काटा इंचभर चढला. सगळ्या रबरी नळ्या तपासल्या. पन्नास वर्षांच्या आसपासची नळी बाहेरून धड दिसते आणि वाकवली की चिरते. त्या सगळ्या बदलल्या. व्हॅक्युम साठवायचा जादा डबा एकमार्गी झडपेसह बसवला. दिव्यांची झाकणे नीट उघडू लागली, पण ब्रेकला तो साठा पुरेना. डबा म्हणजे शेवटी हंडा. नळालाच पाणी नसेल तर हंडा किती वेळ पुरणार? विजेवर चालणारा व्हॅक्युम पंप मिळतो आणि पुष्कळ लोक तो लावतात. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा बूस्टरही मिळतो. मुलाने दोन्हींच्या किमती काढल्या. गृहस्थ म्हणाले, "इंजिनाने द्यायला हवं ते देण्यासाठी दुसरं यंत्र बसवायचं, आणि ते बंद पडलं की पुन्हा आपण ब्रेकवर उभे. त्यापेक्षा जरा मवाळ कॅम बघू."

तो हिवाळा दोघांनी गॅरेजमध्ये काढला. बाहेर बर्फ, आत छोटी शेगडी. रेडिएटर उतरवला, इंजिनाचे पुढचे झाकण काढले, साखळी सोडली. इतका लांब दांडा आतल्या बेअरिंगांना ओरखडा न काढता बाहेर घ्यायचा म्हणजे सापाला बिळातून हळूच काढण्यासारखे. एकाने पुढून धरायचे, दुसऱ्याने बोटांनी आधार द्यायचा. या कामात शब्द फार लागत नाहीत. "थांब", "हळू", "आता ये" एवढ्यावर भागते. मुलाच्या मराठीला ते पुरेसे होते. नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटे इंजिन मंद चालवायचे नसते. दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर ठेवावे लागते, नाहीतर उंचवटे झिजून जातात. ती वीस मिनिटे बापलेक गॅरेजचे दार उघडे टाकून थंडीत कुडकुडत उभे होते.

मग पाय काढला. काटा १६ इंचांवर आला आणि तिथेच राहिला. अडखळणे गेले. खोलवर थोडी गुरगुर उरली, पण ती कान दिला तरच ऐकू येई. वहीत नवी नोंद झाली, आणि या वेळी ती मुलाच्या अक्षरात, वाकड्यातिकड्या देवनागरीत होती. जुना कॅम तेल लावून, कापडात गुंडाळून भिंतीला उभा टांगून ठेवला आहे. तो फेकायचे दोघांपैकी कुणाच्याही मनात आले नाही.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी नाही, त्यांनीही यातून एक-दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आपल्या गाडीचा बूस्टर ठीक आहे की नाही, हे घरच्या घरी कळते. सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे आतला साठा संपून पायटा कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पायटा पायाखाली थोडासा खाली गेला पाहिजे. तो हलला नाही, किंवा ब्रेक दाबताना सापाच्या फुत्कारासारखा हवेचा आवाज आला, तर मेकॅनिककडे जायला उशीर करू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडे घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची जुनी सवय पुष्कळांना आहे. तेवढ्याने चार-दोन रुपये वाचतही असतील. पण बूस्टरमध्ये मोजून दोन-तीन ब्रेकांचा साठा असतो आणि घाटात वळणे दोन-तीनच नसतात. डिझेलच्या गाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी पातीच नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होत नाही आणि ब्रेकसाठी इंजिनावर वेगळा व्हॅक्युम पंप असतो. इंजिन थांबले की पंपही थांबला. आजच्या विजेच्या गाड्यांत तर श्वास घेणारे इंजिनच नाही. तिथे हे काम विजेचा पंप किंवा विजेवरचा बूस्टर करतो. साधन कोणतेही असो, उतारावर ते चालू राहिले पाहिजे.

वुडवर्डवरचा मेळा अजूनही ऑगस्टात भरतो. त्यात कुठल्या ना कुठल्या गाडीचे इंजिन धडक-धडक अडखळत असतेच. जाणकार मंडळी तो आवाज ऐकून खूष होतात, डोळे मिटून मान डोलावतात, आणि आपल्या लहान मुलांना हळूच दोन पावले मागे घेतात.